द्वाड कोणाला म्हणता?

चळवळ्या मुलासाठी आपल्या मायमराठीत शब्दांचा तोटा नाही. द्वाड, वांड, व्रात्य, उनाड, उपद्व्यापी, आगाऊ! एवढ्यावर भागले नाही तर शेजारच्या कानडीतला ‘तुंट’ही आम्ही सीमाभागातली माणसे बिनदिक्कत उसना घेतो. पण ज्या मुलाला मनात आणूनही दहा मिनिटे एका जागी बसवत नाही, त्याच्यासाठी घरीदारी एकच उपाय ठरलेला, धपाटा! या धपाट्याशी मला आज भांडायचे आहे.

बेळगावात मी सव्वीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. ‘एडीएचडी’, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता, हे नाव काढले की शिकलेसवरलेले लोकही म्हणतात, ‘‘ही अमेरिकेची फॅशन, बाई. आमच्या वेळी असले काही नव्हते.’’ नव्हते कसे? लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन करून ठेवले आहे. जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर शंभरात सुमारे पाच मुले अशी निघतात. म्हणजे पन्नासांच्या वर्गात दोन-तीन. आमच्या वेळीही ती होतीच. दोन वर्षे नापास झाली, शाळा सुटली, आणि ती कोणाच्या हिशेबात राहिली नाहीत, इतकेच. त्यातून मुलगी असली तर तिचे कोणाला कळतही नाही; बऱ्याच मुली धुडगूस घालत नाहीत, खिडकीबाहेर बघत मुकाट बसतात, आणि ‘मंद’ हा शिक्का घेऊन घरी जातात.

दुसरा आरोप आईवर. ‘लाडावून ठेवलाय’, ‘गोड फार खातो’, ‘दृष्ट लागली असेल’. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे वारंवार दिसून आले आहे. साखरेने मुले चेकाळतात का, याचीही १९९४ साली अमेरिकेत काटेकोर परीक्षा झाली. फरक आढळला नाही. तेव्हा करंज्यांना दोष देऊ नका आणि करंज्या करणारीलाही देऊ नका.

तिसरा आरोप खास आपल्या भागातला. ‘घरी मराठी, शाळेत कानडी, शिकवणीला इंग्रजी, पोराचे डोके फिरणार नाही तर काय? मराठी सोडा!’ वाचकहो, दोन भाषांमुळे हा विकार होतो याला कसलाही आधार नाही. मराठी सोडल्याने मूल स्थिर होत नाही. आजीशी बोलायचे मात्र थांबते. याची दुसरी बाजूही स्वच्छ सांगायला हवी. शाळेची भाषाच कळत नसेल तर निरोगी मूलही चुळबुळ करील. म्हणून प्रत्येक चुळबुळ्या मुलाला विकार चिकटवणे हाही अन्यायच. २०१३ सालच्या ‘डीएसएम-५’ या अमेरिकी नियमपुस्तकाप्रमाणे लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली, निदान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा यांसारख्या दोन ठिकाणी तरी दिसलेली असावी लागतात. आपल्याकडे ही दोन ठिकाणे दोन भाषा बोलतात, खरी अडचण इथे आहे! एका आईबरोबर मी तपासणीला गेले होते. प्रश्न कानडीत विचारले गेले आणि ती माउली प्रत्येकाला ‘हौदु, हौदु’ म्हणत गेली. असल्या होकारांवर मुलाचे निदान करायचे?

आता उपचार. गोळ्या म्हटले की घरात रडारड. वस्तुस्थिती अशी की लहानग्यांसाठी, साधारण सहा वर्षांखाली, आधी पालकांनाच वागणुकीचे शिक्षण देतात. मोठ्यांना गरज पडल्यास मिथाइलफेनिडेट किंवा अ‍ॅटोमॉक्सेटिन दिले जाते. भूक मंदावते, पहिल्या औषधाने झोप लांबते. म्हणून वजन, उंची, रक्तदाब यांवर डॉक्टर लक्ष ठेवतात. मिथाइलफेनिडेटवर कायद्याचे कडक नियंत्रण असल्याने ते प्रत्येक दुकानात मिळत नाही. औषध सर्वांना लागतेच असे नाही. पण ज्याला लागते त्याला ते ‘लोक काय म्हणतील’ म्हणून नाकारणे हे क्रौर्य आहे. शाळेनेही आपला वाटा उचलावा. पुढचा बाक, कामाचे लहान तुकडे, मध्येच खडू आणायला पाठवणे, यांना पैसा लागत नाही.

मारायला मात्र कायद्याचीच बंदी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध केले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासायच्या व्याधींत एडीएचडीचे नाव आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या एकवीस प्रकारांत अध्ययन-अक्षमता आहे, हिचे स्वतंत्र नाव मात्र नाही. धारवाडला ‘डिमहान्स’ आहे, गोव्यात बांबोळीला मनोरुग्णालय आहे. दारे आहेत, दाराशी आपल्या भाषेत विचारणारे कोणी हवे. पाट्या मराठीत हव्यात म्हणून आपण वर्षानुवर्षे भांडलो, ते योग्यच होते. तितक्याच जोमाने तपासणीची प्रश्नावली आईच्या भाषेत मागायला नको का?

आणि तोवर एक करा. दिवाळीत गल्लोगल्ली पोरे किल्ले बांधतील. बुरूज पाडतो म्हणून एखाद्याला हाकलून देतील. वाढदिवसाचे बोलावणे ज्याला येत नाही तो बहुधा हाच. त्याला परत बोलवा आणि माती कालवायचे काम द्या. हात-पाय चालवायला मिळाले की गडी किती वेळ टिकतो ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि मग सांगा, द्वाड कोण?