रंगाखाली गंज ठेवू नका

झोपण्या-शिजवण्याची सोय असलेली जुनी कॅम्पर व्हॅन ब्रिटनमध्ये हौसेने सांभाळली जाते. अशा गाडीला तेथील यू-पोल कंपनीच्या 'रॅप्टर'सारखे जाड, खरबरीत पॉलियुरेथेन कोटिंग मारण्याची चाल पडली आहे. मुळात असे कोटिंग पिकअपच्या हौद्यासाठी निघाले. तीन भाग कोटिंग, एक भाग हार्डनर मिसळून गनने फवारायचे. ओरखडे, लहान खड्डे त्यात लपून जातात.

लपतात, हाच धोका आहे. खालचा गंज कोटिंगने मरत नाही. सांध्यातून पाणी शिरले की तो आतल्या आत पसरतो आणि दिसतो तेव्हा पत्रा गेलेला असतो. गंज खरवडणे, कुजलेला पत्रा कापून नवा जोडणे, इपॉक्सी प्रायमर देणे, जुन्या रंगाची चकाकी घासून काढणे, हेच खरे काम. फवारणीला काही तास, तयारीला कित्येक दिवस.

दुसरा धोका कारागिराच्या छातीला. हार्डनरमधील आयसोसायनेटने दमा जडू शकतो आणि मग हा धंदाच सोडावा लागतो. ब्रिटनमध्ये फवारताना नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा लावावा लागतो. आपल्याकडील टू-के रंगांच्या हार्डनरमध्येही आयसोसायनेटच असते. तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही.

तेव्हा पेंटर बांधवांनी तयारीची मजुरी वेगळी सांगावी, मुखवट्याचा खर्च तीत धरावा आणि गंजावरच रंग मारा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला सरळ नकार द्यावा. एक काम जाईल, पण नाव राहील.