यंत्र तेच, हात कोणाचे?

नगर जिल्ह्यातील कितीतरी बंधू-भगिनी पोटासाठी मुंबईत आहेत. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार झाला, तेव्हा रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना बाहेर पडण्याची वाट सांगितली. अनेकांचे प्राण वाचले. पुढे मात्र हल्ल्याचे सूत्रधार टीव्हीवरील थेट दृश्ये पाहून फोनवर हुकूम सोडत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्या प्रक्षेपणावर ताशेरे ओढले. पोलिसांनी टिपलेली संभाषणे न्यायालयात पुरावा ठरली.

वाचकहो, म्हणून आमचे सांगणे एवढेच: माळीवाडा स्टँडवर असो वा कल्याणच्या फलाटावर, बेवारस पिशवी दिसली तर हात लावू नका, फोटो पाठवीत बसू नका, दूर व्हा आणि ११२ फिरवा. मुलांकडूनही हा क्रमांक पाठ करून घ्या.