केवढ्याला पडली?

एखाद्या लहानग्याच्या वाढदिवसाचे बोलावणे आले की आमच्या घरात आधी पाकिटाची चर्चा होते. मुलाला काय आवडते, तो काय खेळतो, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असा, की "त्यांनी आपल्या नातीला काय दिले होते?" ही विचारणा नवी नाही. गावाकडे लग्नात आहेराची वही ठेवत. कोणी लुगडे दिले, कोणी पातेले, कोणी पाच रुपये, सारे नावानिशी लिहिलेले असे आणि पुढे त्यांच्या घरी कार्य निघाले की ती वही काढून पाहिली जाई. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला त्या वहीत काही गैर वाटत नाही. लग्नाचा खर्च एका घराला पेलणारा नसतो, तो सगळ्यांनी आळीपाळीने उचलायचा, म्हणजे ती एक भिशीच होती म्हणा ना. पण त्या वहीतली नावे मोठ्या माणसांची असत. आता तसेच खाते चार वर्षांच्या पोराच्या नावे उघडले जाऊ लागले आहे आणि माझी हरकत आहे ती तिथे.

दोनेक वर्षांपूर्वी नात्यातल्या एका मुलाच्या चौथ्या वाढदिवसाला पुण्यात गेलो होतो. सोसायटीचा हॉल, फुगे, दारात उत्सवमूर्तीचे भलेमोठे छायाचित्र. मामाने बॅटरीवर चालणारी लाल मोटार आणली होती. मुलाने आत बसून पायाने दाबले की चालणारी, दिवे लागणारी, गाणे म्हणणारी. पाहुण्यांचा तिच्याभोवती गराडा पडला आणि जो तो विचारू लागला, "केवढ्याला पडली?" मामा आधी "जाऊ द्या हो" म्हणाले, मग आकडा सांगितला. अठरा हजार. तो आकडा हॉलभर फिरून आइस्क्रीमच्या टेबलापर्यंत पोचला. त्याच टेबलापाशी मुलाची आत्या उभी होती. ती कराडहून एसटीने आली होती. तिच्या पिशवीत आजीच्या दोन मऊ लुगड्यांची, हाताने दोरे घातलेली गोधडी होती. मला ती तिने उतरल्या उतरल्या दाखवली होती. आकडा कानावर पडल्यावर तिने पिशवीची चेन ओढून घेतली आणि मुलाच्या हातात शंभराची नोट ठेवली. गोधडी तिने नंतर, कोणी नसताना, वहिनीच्या हवाली केली असे कळले.

मोटारीचे पुढे काय झाले ते कोणीही सांगेल. पावसाळ्यात ती गॅलरीत उभी होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत होते. मला मोटारीची चिंता नाही. दिवाळीत ते कुटुंब आमच्याकडे आले, तेव्हा त्या चार वर्षांच्या मुलाने आमच्या दिवाणखान्यात एक चक्कर मारली आणि टीव्हीकडे बोट दाखवून विचारले, "आजोबा, हा केवढ्याला पडला?" सगळे हसले. मला हसू आले नाही. हे वाक्य त्याला त्याच्या वाढदिवसाने दिले होते, आणि मोटारीपेक्षा ते जास्त दिवस टिकणार होते.

कारण त्याआधी त्याला किंमत ठाऊक नव्हती. ठाऊक असणे शक्यच नव्हते. चार वर्षांच्या मुलापुढे एका हातावर रुपयाची दहा नाणी आणि दुसऱ्या हातावर पाचशेची एक नोट धरा. बहुतेक मुले नाणी घेतील. ती वाजतात, मोजता येतात आणि एकापेक्षा दहा जास्त असतात. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी मुलांपुढे वस्तूंच्या दोन ओळी मांडून पाहिल्या होत्या. दोन्हींत संख्या तेवढीच, पण एक ओळ पसरून लांब केली की लहान मुले म्हणत, हिच्यात जास्त आहेत. साधारण सहा-सात वर्षांचे होईपर्यंत ही समजूत सुटत नाही. संख्येचीच ही गत, तर अठरा हजार आणि अठराशे यांतला फरक त्या वयाला कसा कळावा? मग तो आकडा नेमका कोणासाठी उच्चारला जातो? मामांचा आकडा मुलाच्या वडिलांसाठी होता, दुसऱ्या मामांसाठी होता आणि त्यांचा इरादा नसला तरी कराडच्या आत्यासाठीही होता.

खेळण्याने मूल रमते ते कशाने, यावर पुष्कळ लोकांनी काम केले आहे. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकदा मुलांपुढे चार खेळणी ठेवली, एकदा सोळा. चार असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. ज्यांच्या घरात दोन नातवंडे आणि प्लॅस्टिकचे तीन टब आहेत, त्या आजीला हे सांगायला टोलेडोपर्यंत जायची गरज नाही.

पण मला त्याहून मोलाचे वाटते ते आपल्याकडे, पालघर जिल्ह्याच्या पट्ट्यात झालेले काम. ताराबाई मोडक मॉन्टेसोरी पद्धतीच्या अभ्यासक. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. मॉन्टेसोरी पद्धतीची साधने देखणी, मापात घडवलेली आणि महाग. शहरातल्या सुखवस्तू घरच्या मुलांसाठी ती आणता येत. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या आणि तिथल्या गरिबांच्या वस्तीतल्या मुलांसमोर बसल्या, तेव्हा त्यांनी ती साधने बाजूला ठेवली. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. शिंपले, गोटे, बिया, पाने, फुले, गावात जे पडलेले असेल त्यातून त्यांनी मोजणे, लावणे, वेगळे करणे, रंग ओळखणे उभे केले. पुढे 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. अंगणवाडी हा शब्द आज देशभर सरकारी फाटकांवर लिहिलेला दिसतो, त्याच्या मुळाशी ही अंगणात भरणारी शाळा आहे. मुद्दा काटकसरीचा नव्हता. बाईंनी पाहिले ते असे, की लहान आणि मोठे, जड आणि हलके हे मुलाच्या हाताला कळले पाहिजे, आणि ते कळायला साधन इटलीहून यावे लागत नाही. पुण्याच्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण-चौकोन उभे करून दाखवले, तेही याच घराण्यातले.

आता दुसरी बाजू. महाग भेट म्हणजे उधळपट्टीच, असे मी म्हणणार नाही. बँकेने मला वेगळे काही दाखवले आहे.

तालुक्याच्या एका शाखेत मी असताना जूनमध्ये सोनेतारण कर्जाची रांग लागे. शाळा उघडायच्या, बी-बियाणे घ्यायचे. आमचे सराफ कसोटीवर कस पाहत, तागडीत दागिना टाकत आणि ढोबळ वजन, निव्वळ वजन असे दोन आकडे सांगत. मण्यातली लाख, खडे, दोरा वजा जाई. त्या रांगेत बायकांच्या पाटल्या येत, बोरमाळा येत, आणि दरवर्षी काही बाळांच्या बिंदल्या येत. अंगठ्याएवढ्या वर्तुळाच्या, दात उमटलेल्या. बारशाला आजोळाने घातलेल्या. ते मूल आता पाचवीत गेलेले असे आणि त्याच्याच वह्या-पुस्तकांसाठी त्या तारण पडत. सुगी झाली की सोडवून नेत, पुढच्या जूनला पुन्हा आणत. एक बाई तर आमच्या सराफांना म्हणाल्या होत्या, "भाऊ, मागच्या वर्षीचंच वजन लिवा की, त्याच हायेत." आजोळाने ती भेट बाळाच्या मनगटात घातली खरी, पण ती दिली होती लेकीला, तिच्या अडीअडचणीला. बाळाला त्यातले काही कळत नव्हते आणि कळावे अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. 2025 मध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा आकडा ओलांडला, त्यामुळे आज अशी बिंदल्यांची जोडी करणे सोपे राहिलेले नाही. तरीही कोणी विचारले, तर लाल मोटारीऐवजी एक ग्रॅमचा वेढा करा असेच मी सांगेन. तो गॅलरीत भिजत नाही.

मला अस्वस्थ करते ती हप्त्यांवरची हौस. पूर्वी फ्रिजसाठी कर्ज घ्यायला माणूस बँकेत यायचा, जामीनदार आणायचा, आम्ही चार प्रश्न विचारायचो आणि त्या चार प्रश्नांत त्याचा निम्मा उत्साह ओसरायचा. आता फोनवर चार ठिकाणी बोट टेकवले की काम झाले. बिनव्याजी हप्ता, असे म्हणतात. 2013 साली रिझर्व्ह बँकेने बँकांना लेखी कळवले होते, की शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वातच नाही. व्याज कुठेतरी असतेच, कधी किमतीत, कधी प्रक्रिया शुल्कात. पहिल्या वाढदिवसाचा हॉल, केक, फोटोवाला आणि भेट मिळून उचललेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता मूल अडीच वर्षांचे झाल्यावर फिटतो, असे हिशेब मी नोकरीच्या अखेरच्या वर्षांत जवळून पाहिले आहेत. कर्ज घेणारे आईबाप उधळे नव्हते. "सगळ्यांनी केलं, आपण नाही केलं तर कसं दिसेल," एवढेच त्यांचे म्हणणे असे. दिसेल कोणाला? बाळाला तर नाही.

"आम्हाला मिळाले नाही, म्हणून त्याला देतो," हे मात्र मला कधी खोडून काढता आले नाही. माझ्या पिढीतल्या पुष्कळांना कचकड्याची बाहुली जत्रेत लांबून पाहायला मिळाली. ती हौस नातवंडांच्या निमित्ताने फिटत असेल, तर तिला नावे ठेवायला मी कोण? आणि परदेशी असलेला मुलगा वर्षातून एकदा येतो, बॅग भरून आणतो, त्या बॅगेत त्याच्या गैरहजेरीचे अकरा महिने कोंबलेले असतात. त्याला किंमत विचारू नये. फक्त त्यानेही ती सांगू नये.

'श्यामची आई'मधला कोट आठवा. श्याम दापोलीला शिकत असताना खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि भर पावसात घरी घेऊन येतो. आईच्या मनात आधी येते ते हे, की पैसे कुठून आणले? कोणाकडून कर्ज काढले, की आणखी काही केले? आपण "केवढ्याला पडला" विचारतो, ती माउली "कुठून आणलास" विचारते. त्या कोटाची किंमत कोणाच्या लक्षात राहिली असेल असे मला वाटत नाही. तो खाऊतून शिवला गेला, हे राहिले. भेट द्यायला स्वतःचे काहीतरी कमी करावे लागते, हे धाकट्या भावालाही कळण्यासारखे होते, कारण खाऊ म्हणजे काय ते त्याला चांगले ठाऊक होते.

मग महाग काही घ्यायचेच नाही का? घ्यावे, पण मुलाने मागणी सिद्ध केल्यावर. शेजाऱ्याची सायकल महिनाभर मागून चालवली, आता स्वतःची हवी, अशा आठ वर्षांच्या मुलीला चांगली सायकल द्या. वर्षभर क्लासच्या पेटीवर बसणाऱ्याला पेटी द्या. तीन-चार वर्षांच्या मुलाला टॅबलेट मात्र भेट म्हणून नको. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने दोन वर्षांपर्यंत पडदा अजिबात नको आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाच्या आत, असे सांगितले आहे. मग दिवसाचे उरलेले तास ती वस्तू मुलापासून लपवत बसायचे काम घरच्यांना लागते. खेळणे घ्याल तेव्हा त्यावर आयएसआय शिक्का पाहा. 2021 पासून तो सक्तीचा आहे. आणि बटणाएवढ्या गोल सेलचे झाकण स्क्रूने बंद आहे ना, हे दुकानातच पाहून घ्या. ते सेल मुले गिळतात आणि ते जिवावर बेतते.

घरात दोन बाजूंचे नातेवाईक असतील, आणि ते असतातच, तर आईवडिलांनी एक काम करावे. सगळ्यांसमोर भेटी उघडायच्या नाहीत. पाहुणे गेल्यावर, दुसऱ्या दिवशी, दिवसाला एक उघडावी. कराडच्या आत्याची गोधडी तेव्हा मोटारीशेजारी मांडली जाणार नाही. ती आपल्या दिवशी उघडेल, आणि त्या रात्री मूल तिच्यात झोपेल. आमच्या मुलीने हे गेल्या वर्षी सुरू केले. मोठ्या जाऊबाईंना आधी राग आला, आता त्याही तसेच करतात.

आणि रोख रक्कम द्यायचीच असेल, तर ती मुलाच्या खात्यात जाऊ द्या. दहा वर्षांच्या आतल्या मुलीसाठी 2015 साली सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना आहे, अडीचशे रुपयांत खाते उघडते. मुलगा असो वा मुलगी, पालकाच्या सहीने बचत खाते कोणत्याही बँकेत निघते. दहा वर्षे पूर्ण झाली की बँकेच्या मर्यादेत ते खाते मूल स्वतः चालवू शकते. रिझर्व्ह बँकेने 2014 मध्ये ही मुभा दिली आणि 2025 मध्ये नव्याने स्पष्ट केली.

ती मुभा नवी असताना माझ्या शाखेत एक मुलगी आली होती, सहावीतली. आई बाहेरच्या बाकावर बसून राहिली. मुलीने सहीचा नमुना द्यायचा तर सही कशी करायची असते असे विचारले, मग पूर्ण नाव, वडिलांचे नाव, आडनाव, सारे जोडाक्षरांसकट चौकटीत बसवले. बरोबर सातशे वीस रुपये होते, तीन वाढदिवसांचे. कॅशियरने हात पुढे केला. "थांबा," म्हणाली, आणि सगळ्या नोटा पुन्हा एकदा मोजून मगच तिने त्या खिडकीतून आत सरकवल्या.