कॅमेऱ्यापुढचा ब्रेक आता कामाचा नाही

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून नेहमी ये-जा करणाऱ्या चालकांना कॅमेऱ्यांच्या जागा तोंडपाठ असत. कॅमेऱ्याची कमान दिसली की ब्रेक, कमान मागे पडली की पुन्हा ॲक्सिलरेटर. जुलै २०२४ मध्ये या मार्गावर ‘आयटीएमएस’ ही नवी वाहतूक व्यवस्थापन यंत्रणा सुरू झाली आणि ही युक्ती निकामी झाली. ही यंत्रणा सरासरी वेगही मोजते. एका कमानीखाली गाडीचा नंबर आणि वेळ टिपली जाते, पुढच्या कमानीखाली पुन्हा. मधले अंतर ठरलेलेच असते. दहा किलोमीटर ताशी १०० ने कापायला सहा मिनिटे लागतात. गाडी पाच मिनिटांत पोहोचली तर सरासरी वेग १२० होता, हा साधा हिशेब आहे. मग दोन्ही कमानींखाली चालकाने वेग साठवर आणलेला असला तरी दंड चुकत नाही.

शिवाय कॅमेऱ्यापुढे अचानक ब्रेक दाबणे हाच एक धोका आहे. मागून येणाऱ्या कंटेनरला तो ब्रेक अपेक्षित नसतो.

या घाईतून वाचते तरी किती? द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. संपूर्ण अंतर ताशी १०० ने गेले तर सत्तावन्न मिनिटे, १२० ने गेले तर सत्तेचाळीस. तीही कागदावर, कारण मध्ये बोरघाट आहे, टोलनाका आहे आणि फूड मॉलवरची रांगही आहे. त्या दहा मिनिटांसाठी मोजायची किंमत मात्र मोठी. ताशी १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर पुढे जाते, १२० ला ३३ मीटर. समोर काहीतरी आले आहे हे लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर तरी जातोच, आणि तेवढे अंतर गाडी पूर्ण वेगात कापते.

वेगाची मर्यादा रस्त्याला एकच नसते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींसाठी १०० ची मर्यादा आहे, म्हणून घाटातही तोच वेग चालेल असे नाही. घाटात ती आधी ५० होती, २०२४ मध्ये ६० झाली. जड वाहनांना त्याहून कमी. अटल सेतूवर मोटारींना १०० ची मुभा आहे, पण चढ-उताराच्या रॅम्पवर ४० चीच. घाटातली मर्यादा कुणाच्या लहरीने ठरलेली नाही. लांब उतारावर भरलेल्या ट्रकचे ब्रेक सतत दाबून तापतात आणि मग हवे तेव्हा धरत नाहीत. डिझेल वाचवायला काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, तेव्हा तर इंजिनाचा आवरही उरत नाही. घाट उतरताना ब्रेक लायनर जळाल्याचा वास ज्याने घेतला आहे, त्याला ही मर्यादा समजावून सांगावी लागत नाही.

आता दंडाचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. हलक्या वाहनाला एक ते दोन हजार रुपये, मध्यम आणि जड वाहनाला दोन ते चार हजार. महाराष्ट्रात मोटारीला दोन हजार भरावे लागतात. पुन्हा तोच गुन्हा घडला तर परवाना जप्त होऊ शकतो. गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती दिली असेल तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी तरतूद आहे.

वेगाबद्दलच्या कलम १८३ मध्येच दोन गोष्टी अशा आहेत, ज्यांची चर्चा फारशी होत नाही. पहिली म्हणजे, एखाद्या साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर कुणालाही वेगाबद्दल दोषी ठरवता येत नाही. तो अंदाज यंत्राच्या आधारे केलेला असावा लागतो. म्हणजे कॅमेरा चालकाचेही रक्षण करतो. दुसरी अधिक महत्त्वाची. मर्यादा मोडल्याशिवाय पाळताच येणार नाही असे वेळापत्रक काढणारा किंवा तसा हुकूम देणारा मालकही प्रथमदर्शनी गुन्हेगार ठरतो. रात्रीच्या खासगी बसचा किंवा भाजीच्या टेम्पोचा चालक स्वतःच्या हौसेने क्वचितच पळवतो. पहाटेपर्यंत मार्केटला माल पोहोचलाच पाहिजे, हा फोन मालकाचा असतो. दंड मात्र बहुतेक वेळा चालकाच्या पगारातून कापला जातो. हे थांबले पाहिजे.

सरकारनेही आपली बाजू पाळायला हवी. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-ए हा नियम आला. त्यानुसार कॅमेऱ्याला प्रमाणपत्र हवे, त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे, आणि पुढे कॅमेरा आहे हे सांगणारा फलक ठळकपणे दिसायला हवा. चलनाची सूचना गुन्ह्यानंतर पंधरा दिवसांत द्यायची आहे, त्यासोबत छायाचित्र, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण द्यायचे आहे. चलन आले की आधी हे तपासावे. नंबर आपलाच आहे का, गाडी आपलीच आहे का, वेग लिहिला आहे का. खोट्या नंबर प्लेटमुळे दुसऱ्याचे चलन माथी आले असेल तर लगेच लेखी तक्रार करावी. जुलै २०२५ मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलनांच्या प्रश्नावर संप पुकारला. दंडच नको, ही मागणी कुणी केली तर ती मान्य होण्यासारखी नाही. पण चुकीचे चलन रद्द करून घ्यायला चालकाला धंदा सोडून चौकीच्या खेपा घालाव्या लागू नयेत, हे म्हणणे रास्त आहे. प्रत्येक कॅमेऱ्याचे प्रमाणपत्र लोकांना पाहता येईल असे जाहीर केले, तर निम्मे वाद उभेच राहणार नाहीत.

एक सावधगिरी. ‘तुमचे चलन थकले आहे’ असा संदेश आणि त्यासोबत डाउनलोड करायची फाइल व्हॉट्सॲपवर आली तर ती उघडू नये. अशा फाइलींतून बँक खाती रिकामी केली जातात. चलन खरे आहे की नाही ते महाट्रॅफिक ॲपवर किंवा परिवहन विभागाच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून पाहावे.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाशी जोडलेले होते. त्यात पायी जाणारे होते, दुचाकीवरचे होते, स्वतः वेग पाळणारेही होते. द्रुतगती मार्गावर एकट्या २०१६ मध्ये १५१ जण गेले. दोन हजारांच्या दंडावर जेवढा संताप व्यक्त होतो, तेवढा या आकड्यांवर व्हायला हवा. गाडीत बसलेल्यांनीही गप्प राहू नये. काटा मर्यादेपलीकडे गेला की चालकाला सांगा, मग तो भाड्याच्या गाडीचा असो की घरचा.