उत्तरतालिकेचा ताळा

जालन्याच्या मस्तगड परिसरातील व्यापारी घरांत एके काळी मुलाने गादीवर बसावे, हे जणू ठरलेलेच असे. आता त्याच घरांतून तलाठी, राज्यकर निरीक्षक किंवा बँक अधिकारी होण्यासाठी अभ्यास करणारी मुले-मुलीही दिसतात. परीक्षा संपली की सारे घर निकालाची वाट पाहू लागते. परंतु निकालापूर्वी येणाऱ्या उत्तरतालिकेकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. दिवसाची रोकड त्याच रात्री मिळवावी, ही शिस्त ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्यांनी हा ताळाही वेळेवरच घ्यावयास हवा.

महाराष्ट्र लोकसेवा आयोग चाळणी परीक्षेनंतर प्रथम पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो, तिच्यावर ठरावीक मुदतीत हरकती मागवतो आणि तज्ज्ञांचे मत घेऊन अंतिम उत्तरतालिका जाहीर करतो. त्यानंतर आलेल्या निवेदनांचा विचार होत नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. उमेदवाराचे म्हणणे ऐकले जाण्याची खरी वेळ निकालानंतरची नसून त्याआधीची, थोड्या दिवसांची असते.

ताळा घेण्याची रीत सोपी आहे. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत जपून ठेवावी. संगणकावरील परीक्षेत स्वतःची उत्तरे पडद्यावर उपलब्ध होताच ती उतरवून घ्यावीत, कारण मुदतीनंतर ती सुविधा बंद होऊ शकते. मग बरोबर, चूक आणि सोडलेले असे तीन रकाने करावेत. राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या सामान्य अध्ययनात १०० प्रश्नांना २०० गुण असतात व चुकीच्या उत्तरामागे प्रश्नाच्या गुणांचा एक चतुर्थांश भाग वजा होतो. समजा, ६२ उत्तरे बरोबर, २४ चूक आणि १४ सोडलेली आहेत. बरोबर उत्तरांचे १२४ गुण, वजावट १२, शिल्लक ११२. घरी सांगावयाचा आकडा हा, १२४ नव्हे.

हरकत घेताना मात्र भावना कामाची नाही, पुरावा हवा. प्रमाणित पाठ्यपुस्तक, शासकीय प्रकाशन किंवा मूळ कायदा यांतील नेमके पान जोडावे. शिकवणीच्या टिपणांना तेवढे वजन नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये कानपूर विद्यापीठाच्या प्रकरणात हाच दंडक घातला. उत्तरतालिका बरोबर आहे असे धरून चालावे. ती चुकीची असल्याचे तर्काच्या कसरतीने नव्हे, तर स्पष्टपणे सिद्ध व्हावे. त्या प्रकरणात चूक ग्रंथांवरून उघड झाली आणि न्याय विद्यार्थ्यांच्या बाजूने गेला. पुढे २०१७ मध्ये रणविजय सिंह प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, शंका उरल्यास तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मिळेल. म्हणून कच्च्या पुराव्यावर न्यायालयाची पायरी चढणे म्हणजे तारणाशिवाय कर्ज देण्यासारखे आहे.

यानंतरही हाती आलेला आकडा आणि निकालातील गुण जुळतीलच असे नाही. २०२३ ची तलाठी भरती हे त्याचे ठळक उदाहरण. १७ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर या काळात ती परीक्षा ५७ सत्रांत झाली. जानेवारी २०२४ मध्ये यादी लागली, तेव्हा २०० गुणांच्या परीक्षेत २१४ गुण पाहून राज्यभर गदारोळ उठला. कारण सांगण्यात आले ते गुणांच्या सामान्यीकरणाचे. प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असल्याने कठीण सत्रातील उमेदवाराचे गुण सूत्रानुसार वाढतात, सोप्या सत्रातील घटू शकतात, आणि वाढीव गुण कमाल मर्यादाही ओलांडू शकतात. सूत्र योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो. परंतु हे सूत्र आधी समजून न घेता प्रत्येक तफावतीला घोटाळा म्हणणे, किंवा उलट खरी तफावत दिसूनही मौन बाळगणे, दोन्ही हिशेबी माणसाला शोभत नाही.

याच संभ्रमाच्या काळात ‘गुण वाढवून देतो’ म्हणणारे मध्यस्थ घरापर्यंत येतात. मुलाच्या भवितव्याची चिंता असलेला बाप, जो दुकानात पावतीशिवाय रुपया देत नाही, तोच येथे लाखाची थैली सोडण्यास तयार होतो. ज्या घरी उत्तरतालिका पडताळलेली असते, तेथे अशा माणसाची डाळ शिजत नाही. मुलाला किती गुण पडावयाचे, हे तेथे सर्वांना ठाऊक असते.

आणखी एक लाभ याहून मोठा आहे. चोवीस चुकांपैकी किती अज्ञानाच्या, किती घाईच्या आणि किती निव्वळ अंदाजाच्या, हे त्या तीन रकान्यांतूनच कळते. निवड न झालेल्या मुलाला ‘तुझे नशीबच नाही’ असे ऐकवण्यापेक्षा त्याच्याशेजारी बसून ही चोवीस उत्तरे तपासणे अधिक उपयोगाचे. तोटा कोठे झाला हे कळले की व्यापारी पुढच्या हंगामाची तयारी करतो. परीक्षार्थीसाठीही वाट तीच आहे.