ट्रायलची बोट म्हणजे भरलेली रायफल



"यंत्रात बिघाड झाला." अपघातानंतर हे वाक्य आलं की आपण मान डोलावतो आणि पुढचं विचारत नाही. माझं भांडण या मान डोलावण्याशी आहे.

१८ डिसेंबर २०२४. मुंबई बंदरात नौदलाच्या एका स्पीडबोटीची इंजिन ट्रायल चालू होती. बोटीवरचा ताबा सुटला आणि ती गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. १५ माणसं गेली. त्यांत एक नौसैनिक होता, ट्रायलसाठी आलेली इंजिन कंपनीची माणसंही होती. इंजिनातल्या बिघाडामुळे ताबा सुटला, असं नौदलाने त्याच दिवशी सांगितलं.

मी ते मान्य करतो. पण ट्रायल कशासाठी घेतात? बिघाड आहे का ते बघायलाच ना? मग तो निघाला यात नवल कसलं? खरा प्रश्न असा की, तो निघेल तेव्हा समोर कोण असेल, हे आधी कोणी ठरवलं होतं?

फौजेत नवीन रायफल मिळाली की तिचं झिरोइंग कुठे होतं, हे वाचणाऱ्या प्रत्येक माजी सैनिकाला माहीत आहे. रेंजवर. लाल झेंडा लावून, संत्री उभे करून, मागे मातीचा बट असताना. गोळी कुठे जाईल याचा भरवसा नाही, म्हणूनच हा सगळा बंदोबस्त. फील्ड फायरिंगसाठी तर १९३८ चा कायदा आहे, आसपासच्या गावांना आधी सूचना द्यावी लागते. मग पाण्यावर वेगळा न्याय का? ३० नॉटने धावणारी बोट सेकंदाला १५ मीटर कापते. दहा सेकंद स्टिअरिंग किंवा थ्रॉटल ऐकेनासं झालं की दीडशे मीटर गेले. अशी बोट म्हणजे झिरोइंग न झालेली भरलेली रायफल. ती दिवसाउजेडी फेऱ्यांच्या वाटेवर नेणं म्हणजे आठवडी बाजारात फायरिंग करणं.

आता हे मी इलेक्ट्रॉनिक सिटीत बसून का लिहितोय? पेन्शन झाल्यावरचं माझं पोस्टिंग इथे आहे, एका ऑफिस पार्कच्या सिक्युरिटीत. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण यंत्राला हुकूम देणारे प्रोग्राम होसूर रोडवरच्या अशाच इमारतींत लिहिले जातात. चहाच्या टपरीवर सातारा-लातूरकडची पोरं भेटतात. त्यांतला एक बोटींच्या ऑटोपायलटवर काम करतो. हुशार पोरगा. मला म्हणाला, "काका, बिघाड झाला तर माणसाने लगेच ताबा घ्यायचा. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय."

लिहिलं असेल. पण ऑटोपायलट चालतो कसा ते बघा. कंपासचा सेन्सर बोटीची दिशा सांगतो, कॉम्प्युटर ती ठरवलेल्या दिशेशी ताडून बघतो आणि पंप किंवा मोटर सुकाणू वळवते. सुकाणू किती वळलं हे दुसरा सेन्सर सांगतो. त्या कंपासजवळ कोणी स्पीकर किंवा लोखंडी पाना ठेवला की दिशा चुकते. सुकाणूचा सेन्सर ढिला झाला तर सुकाणू सरळ आहे असं समजून कॉम्प्युटर ते वळवतच राहतो. बोट गर्रकन फिरते, बेसावध माणूस पाण्यात. ज्या माणसाला तासभर "तू काही करू नकोस, मी आहे" असं यंत्राने सांगितलं, त्याने दोन सेकंदांत जागं व्हायचं? रात्रपाळी केलेल्या कुठल्याही संत्र्याला विचारा.

१९९५ च्या जून महिन्यात 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला निघालं होतं. जीपीएसच्या अँटेनाची वायर निघाली. यंत्र अंदाजाने जागा दाखवत राहिलं आणि ऑटोपायलट त्या अंदाजावर जहाज हाकत राहिला. दीड दिवसाच्या प्रवासात ब्रिजवरच्या कोणालाही ते कळलं नाही. जहाज सुमारे १७ मैल भरकटून नँटकेट बेटाजवळ वाळूत रुतलं. जीवितहानी झाली नाही, हे नशीब.

कोणी म्हणेल, 'नीलकमल'वर परवान्यापेक्षा जास्त माणसं होती. होती, आणि त्याचा जाब घेतलाच पाहिजे. पण जास्त माणसं भरल्यामुळे स्पीडबोट वळली नाही. कोणी म्हणेल, ट्रायल घेतल्याशिवाय सज्जता कशी राहील? ट्रायल जरूर घ्या. सज्जता हवी म्हणूनच रेंज असते.

मागण्या साध्या आहेत. वेगाच्या ट्रायलसाठी आखलेलं, मोकळं पाणी, सोबत पहाऱ्याची बोट आणि फेरीवाल्यांना आधी सूचना. ताबा सुटल्यावर इंजिन बंद करायची स्वतंत्र सोय, जी बिघडलेल्या यंत्रणेवर अवलंबून नसेल. लहान बोटीवर चालवणाऱ्याच्या अंगाला किल कॉर्ड बांधलेली हवी. ही साधी दोरी आहे, माणूस फेकला गेला की इंजिन बंद करते. अमेरिकेत २६ फुटांखालच्या बोटींना १ एप्रिल २०२१ पासून तिचा वापर कायद्याने बंधनकारक आहे. ऑटोपायलट असेल तर धक्का सोडण्याआधी तो बंद करून हाताने सुकाणू फिरवून बघायचं, रोज. आणि अशा अपघाताच्या चौकशीतलं तांत्रिक निदान लोकांपुढे ठेवायचं, म्हणजे होसूर रोडवरच्या त्या पोरालाही कळेल की त्याच्या ओळी कुठे जाऊन माणसावर आदळू शकतात.

यंत्र बिघडणारच. त्याला कोर्ट मार्शल करता येत नाही. ते कुठे बिघडू द्यायचं, हे मात्र माणूस ठरवतो, आणि जाब त्या माणसाला विचारायचा असतो. पुढच्या वेळी "बिघाड झाला" असं ऐकलंत की मान डोलावू नका. विचारा, लाल झेंडा कुठे होता?

जय हिंद.