आमच्याकडे ट्रान्सफर म्हणजे बदली

19 नोव्हेंबर 2025, बुधवार. दुपारी अडीचचा स्टँडअप कॉल. आमच्या क्लायंटकडे एक स्कॉटिश गृहस्थ आहेत, पन्नाशीचे. एरवी प्रत्येक गोष्टीत खोट काढणारा माणूस. त्या दिवशी त्यांचा आवाजच फुटत नव्हता. मला वाटलं सर्दी झाली असेल. पण नाही, आदल्या रात्री ते ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर होते. स्कॉटलंडने डेन्मार्कला 4-2 हरवलं आणि 1998 नंतर पहिल्यांदा वर्ल्ड कपसाठी क्वालिफाय झाले. 90 मिनिटं संपली तेव्हा स्कोअर 2-2. मग टिअर्नीचा गोल, आणि शेवटी केनी मॅक्लीनने चक्क मैदानाच्या मध्यावरून मारलेला गोल. बिचारे सांगतासांगता पुन्हा खोकायला लागले.

मग त्यांनी सहज विचारलं, "काल तुमचीपण मॅच होती ना? काय झालं?"

मी म्हटलं, "बांगलादेशशी होती. ढाक्याला. 1-0 हरलो."

जे सांगितलं नाही ते असं, की मी ती मॅच बघितलीच नव्हती. स्कॉटलंडचे हायलाइट्स मात्र सकाळी चहा पिता पिता तीनदा बघून झाले होते. ही गोष्ट तेव्हापासून टोचतेय, म्हणून आजचा हा लेख. ज्यांना फुटबॉलमध्ये रस नाही त्यांनी खुशाल पोहे खायला जावं, पण ज्यांच्याकडे कुठल्यातरी विदेशी क्लबचा टी-शर्ट आहे, त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा. तुमच्याबद्दलच आहे. माझ्याबद्दलही.

आधी हिशोब बघू. 2027 च्या आशियाई कपच्या क्वालिफायरमध्ये ढाक्याच्या त्या मॅचपर्यंत आपण पाच मॅच खेळलो. बांगलादेशशी शिलाँगला 0-0. हाँगकाँगकडून 0-1. सिंगापूरशी तिकडे 1-1. मग 14 ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्ड्यावर, आपल्याच घरी, छांगतेने आपल्याला पुढे नेल्यावरही 1-2. तिथेच आपण बाहेर पडलो. ढाक्याची मॅच म्हणजे नुसती औपचारिकता होती, तीही हरलो. पाच मॅच, दोन पॉइंट, एकही विजय नाही. आणि हे ब्राझील-जर्मनीविरुद्ध नाही हो! सिंगापूर आणि हाँगकाँगविरुद्ध.

यावर आपल्या ग्रुपमध्ये ठरलेली उत्तरं येतात. आमच्या हॉस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या रात्री तीन आली.

एक: "क्रिकेटने फुटबॉल खाल्ला बे." दोन: "आपली बॉडीच नाही फुटबॉलची." तीन: "एवढ्या मोठ्या देशात अकरा पोरं भेटत नाहीत, काहून?"

तिसऱ्यापासून सुरू करतो. लोकसंख्येने फुटबॉल खेळता येत असता तर वर्ल्ड कप कधीच आपल्या शोकेसमध्ये असता. स्कॉटलंडची लोकसंख्या जेमतेम 55 लाख. आपला एकटा नागपूर जिल्हा 2011 च्या जनगणनेत साडेशेचाळीस लाखांचा होता. म्हणजे नागपूर जिल्ह्याला शेजारचे काही तालुके जोडले की झाला स्कॉटलंड!

बॉडीचं म्हणाल, तर 1962 च्या जकार्ता आशियाई खेळांत आपण फुटबॉलचं सुवर्ण जिंकलो होतो. तेव्हाच्या खेळाडूंना काय आजच्यापेक्षा जास्त प्रोटीन मिळत होतं?

आणि क्रिकेट? हे तर नागपूरकराने म्हणूच नये. विदर्भाची क्रिकेट टीम वर्षानुवर्षं रणजीत बाकीच्यांना पॉइंट वाटायला जायची. मग अकादमी उभी राहिली, अंडर-14 पासून नीट स्पर्धा सुरू झाल्या, वसीम जाफरसारखा मुरलेला खेळाडू बाहेरून आणला, चंद्रकांत पंडित कोच झाले. 1 जानेवारी 2018 ला इंदूरला दिल्लीला हरवून रणजी ट्रॉफी नागपुरात आली. पुढच्या वर्षी परत. 2024-25 ला परत. माती तीच, ऊन तेच, पोरं त्याच गल्लीतली. बदलली ती व्यवस्था. म्हणजे क्रिकेटने फुटबॉल खाल्ला नाही, क्रिकेटने फक्त आपलं ताट नीट मांडलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. ट्रान्सफर.

आपल्यासारख्यांसाठी ट्रान्सफर म्हणजे जानेवारी आणि ऑगस्टमधला तमाशा. अमुक खेळाडू इतक्या मिलियनला गेला, तमुक क्लब वेडा झालाय, वगैरे. आपण आयटीवाले तर यात जास्तच रमतो, कारण आपलंही आयुष्य तेच आहे :-) दोन वर्षं झाली की स्विच, तीस टक्के हाइक, नोटीस पिरियडवरून भांडण. पण ट्रान्सफरमागे एक साधी गोष्ट असते, ती आपण कधी बघत नाही. या पैशातला काही भाग खाली झिरपतो. अगदी खाली.

फिफाचा नियम आहे. एखादा खेळाडू करार चालू असताना पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, की त्या रकमेतले 5 टक्के, त्याला वयाच्या 12 ते 23 या वर्षांत ज्या ज्या क्लबांनी घडवलं त्यांच्यात वाटायचे. 12 ते 15 या प्रत्येक वर्षासाठी पाव टक्का, 16 ते 23 साठी दरवर्षी अर्धा टक्का. समजा कामठीचा एक पोरगा 12 व्या वर्षापासून 18 व्या वर्षापर्यंत तिथल्याच क्लबात खेळला आणि पुढे कधीतरी 10 कोटींना बाहेरच्या देशात गेला. कॅल्क्युलेटर काढा. कामठीच्या क्लबाला 25 लाख! एका पोरामुळे पुढच्या शंभर पोरांचे बूट, बॉल, कोचचा पगार.

डेन्मार्कविरुद्ध गोल मारणारा तो टिअर्नी लहानपणापासून सेल्टिकमध्ये वाढला. 2019 मध्ये आर्सेनलने त्याला 2.5 कोटी पौंडांना घेतला. 2025 मध्ये तो सेल्टिकमध्ये परत आला. कॅप्टन अँडी रॉबर्टसनला तर याच सेल्टिकने लहानपणी सोडून दिलं होतं. तो क्वीन्स पार्कला गेला, तेव्हा तो हौशी क्लब होता, पगार नाही. मग डंडी युनायटेड, 2014 मध्ये हल सिटी, 2017 मध्ये लिव्हरपूल. म्हणजे एका दाराने हाकललं तरी पोरासाठी दुसरं दार होतं, त्याच्या वरती तिसरं. पायऱ्या होत्या. क्वालिफायर त्या रात्री हॅम्पडेनवर जिंकला नाही, तो या पायऱ्यांवर जिंकला. आणि त्या पायऱ्या असूनही त्यांना 27 वर्षं लागली, हेही लक्षात घ्या.

आता आपल्या पायऱ्या मोजू. महिंद्रा युनायटेड, 2005-06 चे राष्ट्रीय लीग विजेते. 2010 मध्ये बंद. मुंबई एफसी 2017 मध्ये गायब. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये बंद, त्यांची जागा हैदराबादला. मँचेस्टर सिटीवाल्यांनी 2019 मध्ये मुंबई सिटी घेतली तेव्हा आपण पेढे वाटायचेच बाकी होतो. डिसेंबर 2025 मध्ये तेही निघून गेले. आयएसएलचा 2025-26 चा सीझन, जो एरवी सप्टेंबरच्या आसपास सुरू होतो, तो करारांच्या घोळात अडकून फेब्रुवारी 2026 मध्ये सुरू झाला. जिथे लीगच कधी होणार ते माहीत नाही, तिथे खेळाडू विकत कोण घेणार? आणि विकायला तयार कोण करणार?

नागपुरात तर ट्रान्सफर हा शब्दच वेगळा आहे. आमच्याकडे ट्रान्सफर म्हणजे बदली. काकांची गडचिरोलीला झाली, ती. आणि फुटबॉलपटूच्या आयुष्यातली सर्वात मोठी ट्रान्सफर म्हणजे स्पोर्ट्स कोटा. पोरगा रेल्वेत 'लागला', पोलिसात 'लागला' की आई देवाला नारळ फोडते आणि घरचे मोकळा श्वास घेतात. मी त्यांना दोष देत नाही, मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. पण लक्षात घ्या, या ट्रान्सफरमध्ये ज्या क्लबाने त्याला वाढवलं, त्याच्या हाती एक रुपयाही येत नाही.

माझ्या इंजिनिअरिंगच्या बॅचला कामठीचा एक मुलगा होता, लेफ्ट बॅक. कामठी छावणीचं गाव, तिथे पोरं चालायला लागली की बॉलला लाथ मारतात. त्याच्याइतका चांगला खेळाडू मी प्रत्यक्षात दुसरा पाहिला नाही. बाहेरच्या एका क्लबाच्या ट्रायलला गेला, खेळ आवडला, मग विचारलं, आधीचं रजिस्ट्रेशन कुठे आहे? याच्याकडे काय, तर तीन कप आणि पेपरमधली कात्रणं. दहा वर्षं खेळला, पण आठ-दहा दिवसांच्या टूर्नामेंटमध्ये, आज या टीमकडून, उद्या त्या टीमकडून. कागदावर तो कधी कुणाचा नव्हताच. आपल्या भाषेत सांगायचं तर दहा वर्षांचा अनुभव आणि एक्सपिरियन्स लेटर शून्य. आज तो पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे. परवा फोनवर म्हणाला, "जाऊ दे ना यार, गुडघा पण गेला आता." हसत म्हणाला, पण मला हसू आलं नाही.

काही जण म्हणतील, शॉर्टकट आहे ना. परदेशातले भारतीय वंशाचे खेळाडू आणा. नोव्हेंबर 2025 मध्ये बंगळुरूच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून आपलं घेतलं, त्याचं मनापासून स्वागत. ज्या रात्री स्कॉटलंड पोचलं, त्याच रात्री दीड लाख वस्तीचं कुरासाव बेटही वर्ल्ड कपला पोचलं, बहुतेक सगळे नेदरलँड्समध्ये जन्मलेले खेळाडू घेऊन. पण नीट बघा, तो नेदरलँड्सच्या पायऱ्यांचा विजय आहे. दुसऱ्याच्या जिन्याने किती दिवस चढणार? आणि तो जिना उतरून कामठीत काय येणार?

आता सगळ्यात कडू भाग. झुंड आला 2022 मध्ये. विजय बारसे सरांनी 2001 मध्ये याच नागपुरात झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन स्लम सॉकर सुरू केलं, त्यावरचा सिनेमा. आपण सगळ्यांनी मल्टिप्लेक्समध्ये टाळ्या वाजवल्या, स्टेटस टाकले, "प्राउड नागपूरकर" वगैरे. त्यानंतर आपल्यातल्या किती जणांनी शहरातली एक तरी लीग मॅच बघितली? रब्बानी क्लब, राहुल क्लब ही नावं तरी किती जणांना माहीत आहेत? पण रात्री दीडला इंग्लंडमधल्या क्लबसाठी जागून सकाळी मीटिंगला जांभया देणारे शेकड्याने आहेत. मीही त्यातलाच.

फेडरेशनला शिव्या घालणं सोपं आहे, आणि त्या घालायलाच हव्यात. पण तो स्कॉटिश माणूस आयुष्यभर दर शनिवारी पावसात उभा राहून आपल्या फडतूस लोकल टीमला शिव्या घालत आला, म्हणून त्याला त्या रात्री रडायचा हक्क होता. आपण ढाक्याच्या हारवर रडलोही नाही, मीम फॉरवर्ड केले. ज्यांनी कधी तिकीट काढलं नाही, त्यांना "आपण हरलो" म्हणताना निदान थोडी लाज वाटावी.

मागणं फार नाही. जिल्ह्यात 13 आणि 15 वर्षांखालच्या पोरांची वर्षभर चालणारी लीग. प्रत्येक पोराचं पहिल्या दिवसापासून रजिस्ट्रेशन, म्हणजे उद्या तो कुठेही गेला तरी त्याच्या क्लबाचं नाव कागदावर राहील. मिहानमधल्या कंपन्या सीएसआरमधून झाडं लावून फोटो काढतात, त्यांनी एकेक अंडर-13 टीम दत्तक घ्यावी. डेटा एंट्रीला आपण आहोतच, एक्सेल तर येतं ना? आणि महिन्यातून एक रविवार, फक्त एक, मैदानाच्या कडेला.

असो. खूप बोललो. हा लेख टाकला की मी कामठीला निघतोय, अंडर-15 च्या पोरांची मॅच आहे. लेफ्ट बॅक मित्रालाही फोन केला, तो या वीकेंडला घरी आलाय. आधी म्हणाला, "काहून यार, सुटीच्या दिवशी." मग दहा मिनिटांनी स्वतःच मेसेज केला, "किती वाजता?"

बाईकवर मागे एक सीट होती, ती त्याने घेतली. तुम्ही आपली घेऊन या.